दार नेमकं केव्हा उघडायचं

अणुपुरवठादार गटाची एक यादी आहे. एरवी कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या, पण अण्वस्त्रांच्याही कामी येऊ शकतील अशा वस्तूंची. त्यात यंत्रं आहेत, भट्ट्या आहेत, खास जातीचं पोलाद आहे, आणि कॅमेरेही आहेत. सेकंदाला 2,25,000 हून अधिक चौकटी टिपणारा, किंवा 50 नॅनोसेकंदांत वा त्याहून कमी वेळात एक चौकट उघडून मिटणारा कॅमेरा त्या यादीत येतो. त्याच्या पोटात बसणारी, इतक्याच वेगानं उघडझाप करणारी नळी किंवा चिप सुटी घ्यायची म्हटली, तरी तिच्यासाठीही त्याच यादीत ओळ आहे. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात प्रकाश फक्त 30 सेंटिमीटर जातो.

असा पहारा उगाच बसत नाही. स्फोट, ठिणगी, ज्वाला, लेसरनं पेटवलेला प्लाझ्मा या गोष्टी आत काय करतात ते ज्याला बघता येतं, त्याला त्या सुधारताही येतात. आणि बघण्याचं काम शेवटी एका दारावर येऊन ठेपतं. ते दार प्रकाशाला अडवत नाही. प्रकाशाचे आधी इलेक्ट्रॉन केले जातात आणि मग ते इलेक्ट्रॉन अडवले जातात.

पुण्याला हा विषय परका नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं पाषाणला एनडीए रस्त्यावर कारखाना काढला तो 1979 मध्ये, आणि तो काढलाच मुळी इमेज कन्व्हर्टर ट्यूब बनवण्यासाठी. 1990 मध्ये डच कंपनी डेल्फ्ट इन्स्ट्रुमेंट्सच्या भागीदारीत इमेज इंटेन्सिफायर ट्यूबची वेगळी कंपनी निघाली. तीच आजची भोसरीची बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस. पुढे फ्रान्सच्या फोटोनिसचं तंत्रही तिथे आलं. सैनिकाच्या रात्रीच्या दुर्बिणीत बसणारी ही नळी आणि अतिवेगवान कॅमेऱ्यातली नळी सख्ख्या बहिणी आहेत. शस्त्रास्त्रांवर संशोधन करणाऱ्या एआरडीई आणि एचईएमआरएल या प्रयोगशाळाही पाषाणच्याच अंगाला आहेत.

अशा कॅमेऱ्याला निर्वात नळी हवी की सिलिकॉनची चिप पुरते, हा वाद मात्र मी कासार आंबोलीत बसवला आहे. पौड रस्त्यानं पिरंगुट ओलांडलं की भातखाचरांच्या कडेनं शेड सुरू होतात. गाड्यांचे सुटे भाग, प्लॅस्टिकचे साचे, पत्र्याची कामं. मोठ्या संस्थेचं छप्पर नसताना एखादं अवघड उपकरण घडवता येईल का, हा प्रश्न अशाच शेडमध्ये खरा होतो. पुढचा संवाद कल्पित आहे. त्यातल्या संस्था, उपकरणं आणि आकडे खरे आहेत. बोलणारे दोघे: ट्यूब बनवण्याच्या कामात आयुष्य घालवून निवृत्त झालेली आत्या, आणि इंधनाच्या नोझलच्या चाचणीसाठी कॅमेऱ्याची यंत्रणा बसवून देणारा तिचा भाचा.

भाचा: आत्या, मला तुझं दार नकोच आहे. उजेडच छोटा केला की काम झालं. डिझेल नोझलमधून सेकंदाला 400 मीटरनं सुटतंय असं धर. 10 नॅनोसेकंदांत ते सरकेल चार मायक्रॉन. थेंब असतो दहा-वीस मायक्रॉनचा. लेसरचा झोत 10 नॅनोसेकंदांचा टाकला की थेंब जागच्या जागी थिजतो. कॅमेऱ्याचं शटर अंधारात कितीही वेळ उघडं राहू दे, काय बिघडतं?

आत्या: अंधार असेल तर काहीच बिघडत नाही. फ्लॅशनं फोटो काढणाऱ्या एजर्टननं आयुष्यभर तेच केलं. फ्लॅश मारून फुग्यातून जाणारी गोळी टिपली, दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला. पण अणुस्फोटाचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा त्याचा फ्लॅश कामाला आला नाही. स्फोट स्वतःच सूर्यासारखा पेटलेला. त्याच्यावर फ्लॅश मारून काय उपयोग? तेव्हा त्यालाही शटरच बनवावं लागलं. रॅपॅट्रॉनिक कॅमेरा म्हणतात त्याला. हलणारा भाग एकही नाही. दोन पोलरायझर, मधे काच, भोवती वेटोळं. वेटोळ्यात करंट सोडला की काच प्रकाश वळवते आणि तेवढा वेळ वाट मोकळी होते.

भाचा: म्हणजे मायक्रोसेकंदांचं काम. ते आता माझी चिप करते.

आत्या: करते ना. पण तू डिझेल पेटवून बघतोस का?

भाचा: काही ग्राहकांना तेही हवं असतं.

आत्या: मग पेटल्यावर अंधार कुठे राहिला?

भाचा: लेसरच्या रंगाचा अरुंद फिल्टर लावतो. ज्वालेचा बाकी उजेड गाळला जातो.

आत्या: थेंब बघायचा असेल तर चालेल. मला ज्वालाच बघायची असेल तर? जळताना हायड्रॉक्सिलचे रेणू 308 नॅनोमीटरला चमकतात. अतिनील, अगदी मंद. पेट नेमका कुठे घेतला ते त्या चमकेवरून कळतं. तिला तू बाहेरून उजेड काय देणार? जे आहे तेवढंच टिपायचं, थोडा वेळ टिपायचं, आणि टिपताना वाढवायचं. अडवणं आणि वाढवणं, दोन्ही एकाच जागी करणारी वस्तू ट्यूबशिवाय दाखव.

इथे भाचा गप्प राहिला तर संवाद लवकर आटपेल, पण त्यानं गप्प राहू नये. आत्याचा मुद्दा बरोबर असला तरी तो ज्वालेपुरता, आर्कपुरता, प्लाझ्मापुरता बरोबर आहे. कासार आंबोली-उरवडे पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना साच्यात प्लॅस्टिक कसं शिरतं किंवा प्रेसखाली पत्रा कुठे फाटतो एवढंच बघायचं असतं. त्याला चांगला दिवा आणि चांगली चिप पुरते. फँटम टीएमएक्स जातीचा कॅमेरा दहा लाख ठिपक्यांचं चित्र सेकंदाला 76,000 वेळा टिपतो. हे यश लहान नाही, आणि ते सिलिकॉननं मिळवलेलं आहे.

भाचा: तुमच्या ट्यूबचं कौतुक मी लहानपणापासून ऐकतोय. पण आत नेमकं दार कुठे असतं?

आत्या: बघ. पुढे काच. काचेच्या आतल्या अंगाला कॅथोडचा थर. अँटिमनीवर पोटॅशियम, सोडियम, सीझियम एकामागून एक चढवायचं, पूर्ण निर्वातात. चढवताना त्याच्यावर दिवा पडलेला असतो आणि आपण मीटरकडे बघत बसायचं. करंट वाढतो, वाढतो, एका जागी थबकतो आणि पडायला लागतो. पडायला लागायच्या बेतात हात थांबवायचा. कागदावर वेळ लिहिलेली असायची, पण वेळेवर भरवसा ठेवून कॅथोड होत नाही. प्रत्येक काच थोडी वेगळी वागते.

भाचा: आणि मग?

आत्या: कॅथोडवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतो. समोर, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यावर, मायक्रोचॅनेल प्लेट. शिसं घातलेल्या काचेची चकती, अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नाही, आणि तिला दहा मायक्रॉनची भोकं. 18 मिलिमीटरच्या चकतीला वीसेक लाख भोकं, सगळी जराशी तिरकी, म्हणजे आत शिरलेला इलेक्ट्रॉन भिंतीवर आपटतोच. चकतीच्या दोन बाजूंत 800-900 व्होल्ट. एक इलेक्ट्रॉन आपटला की दोन-तीन सुटतात, ते पुढे आपटतात. एकाचे हजारो होऊन मागच्या बाजूनं बाहेर. मग पाच-सहा हजार व्होल्टनं ओढून फॉस्फरच्या पडद्यावर. तिथे पुन्हा प्रकाश.

भाचा: यात दार?

आत्या: कॅथोड आणि प्लेट यांच्या मधल्या फटीत. कॅथोड प्लेटपेक्षा 200 व्होल्ट उणा ठेवला की इलेक्ट्रॉन पुढे पळतात. फट ओलांडायला त्यांना पन्नासेक पिकोसेकंद लागतात. तोच कॅथोड 50 व्होल्ट अधिक केला की ते निघतात आणि माघारी फिरतात. दार बंद. सहा हजार व्होल्टला हात लावायचा नाही, नुसता अडीचशे व्होल्टचा हिसका. म्हणून हे दार इतकं झपकन चालतं.

भाचा: कागदावर. मी वाचलंय, नॅनोसेकंदांत उघडायला गेलं की चित्राचा मधला भाग काळा पडतो.

आत्याला इथे आनंद होईल अशी माझी खात्री आहे. जो काम करतो त्याला दोष माहीत असलेला माणूस भेटला की बरं वाटतं. हा दोष खरा आहे आणि शिकवणाराही आहे. कॅथोड हा धातूसारखा वाहक नाही, त्याला बराच रोध असतो. व्होल्ट मिळतात ते कडेच्या रिंगेतून. रिंगेवर पल्स आला की कड आधी उघडते आणि व्होल्टची लाट आत सरकत मध्याकडे जाते. मध्य उघडेपर्यंत पल्स संपून जातो. डोळ्याच्या बुबुळासारखं हे उघडणं, म्हणून इंग्रजीत त्याला आयरिसिंग म्हणतात. साध्या ट्यूबला पन्नास-शंभर नॅनोसेकंदांच्या खाली नेलं की ते दिसायला लागतं.

आत्या: त्यावर उपाय आहे. कॅथोड चढवण्याआधी काचेवर निकेलचा अगदी विरळ थर द्यायचा. दिसतोही आरपार, वाहतोही. मग दोन-चार नॅनोसेकंदांचं दार नीट उघडतं.

भाचा: आणि निकेल उजेड खातं.

आत्या: खातं. वेग हवा तर उजेड द्यावा लागतो. फुकट काय मिळतं?

भाचा: आत्या, मुळात तुमचा कॅथोड शंभर फोटॉनांतले वीस पकडतो. चांगलं सिलिकॉन ऐंशी-नव्वद पकडतं. त्यात निकेल. मग प्लेटच्या भोकांनी चित्र दाणेदार. मागे फॉस्फर. पी-43 फॉस्फर एकदा चमकला की मिलिसेकंदभर विझत नाही, म्हणजे दार नॅनोसेकंदांचं असलं तरी पुढची चौकट घ्यायला ताटकळायचं. पी-46 घेतला तर तो लवकर विझतो, पण मंद. शिवाय ट्यूब म्हातारी होते, कॅथोड उतरतो, जास्त उजेड पडला तर जळतो. आणि मुळशीचा पाऊस. चार महिने सगळं ओलं, त्यात तुला सहा हजार व्होल्ट खेळवायचेत.

आत्या: पावसाची भीती मला घालू नकोस. जोड सिलिकोन रबरात बुडवून घे, वायर उघडी ठेवू नको, डबा बंद ठेव. बाकीचं तू बोललास ते सगळं खरं आहे.

भाचा: मग?

आत्या: मग मला सांग, तुझ्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन किती जोरात पळतो?

या प्रश्नाशी थांबायला हवं, कारण सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. सिलिकॉनच्या आत इलेक्ट्रॉन मोकळा नसतो. स्फटिकाच्या कंपनांवर आपटत आपटत जातो. विद्युतक्षेत्र कितीही वाढवलं तरी सेकंदाला शंभर किलोमीटरच्या आसपास त्याचा वेग अडतो. नॅनोसेकंदाला शंभर मायक्रॉन. 25 मायक्रॉन जाड थर ओलांडायला त्याला 250 पिकोसेकंद लागणारच, मग त्यामागचं सर्किट कितीही चपळ असो. निर्वातात 3000 व्होल्टनं हाकललेला इलेक्ट्रॉन सेकंदाला 32,000 किलोमीटरनं जातो. तीनशेपटींहून जास्त. हा फरक कारागिरीचा नाही, पदार्थाचा आहे.

भाचा: मान्य. पण 250 पिकोसेकंदांच्या आतलं बघायचंय कुणाला? डिझेलला नको, आर्कला नको.

आत्या: संलयनाला हवंय.

कॅलिफोर्नियात लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत 192 लेसर झोत इंधनाच्या एका इवल्या गोळीभोवतीच्या धातूच्या डबीत सोडले जातात. गोळीचा व्यास दोन मिलिमीटर. 5 डिसेंबर 2022 रोजी तिथे 2.05 मेगाज्यूल लेसरऊर्जा घालून 3.15 मेगाज्यूल संलयनऊर्जा बाहेर आली. घातल्यापेक्षा जास्त निघण्याची ती पहिली वेळ. गोळी आत कोसळते ती सेकंदाला चारशे किलोमीटरच्या आसपास वेगानं, आणि जळते शंभरेक पिकोसेकंद. चारशे किलोमीटरच्या वेगानं शंभर पिकोसेकंदांत चाळीस मायक्रॉन अंतर कापलं जातं. जळणारा गाभाच साठ ते शंभर मायक्रॉनचा. म्हणजे शंभर पिकोसेकंदांचं दार ठेवलं तर हाती फक्त धूसर डाग येईल. दार दहा पिकोसेकंदांचं हवं.

आत्या: संलयन बघणाऱ्या क्ष-किरणांच्या कॅमेऱ्यात प्लेटवरच सोन्याची पट्टी चढवतात. सोनं हाच कॅथोड आणि तीच पल्सची वाट. एका टोकाला हजारेक व्होल्टचा पल्स सोडला की तो पट्टीवरून प्रकाशाच्या निम्म्या वेगानं पळतो. तो जिथे असेल तेवढाच भाग त्या घडीला उघडा. चार सेंटिमीटरची पट्टी पार करायला त्याला 270 पिकोसेकंद लागतात. म्हणजे चित्राचं डावं टोक आधीचं आणि उजवं नंतरचं. दारच चालत जातं.

भाचा: तरी शंभर पिकोसेकंदांच्या फारसं खाली जात नाही. तुमची भोकं आडवी येतात. इलेक्ट्रॉनांचा लोंढा भोकातून बाहेर पडायलाच तेवढा वेळ घेतो.

आत्या: म्हणून त्यांनी वेळच ताणला.

भाचा: वेळ ताणला म्हणजे?

आत्या: कागद घे. कॅथोड प्लेटपासून अर्धा मीटर लांब ठेवायचा, मधे रिकामी निर्वात नळी. कॅथोडवर 3000 व्होल्ट, पण स्थिर नाहीत. दर पिकोसेकंदाला पाच व्होल्टनं कमी होत जाणारे, असं धर. आधी सुटलेल्या इलेक्ट्रॉनला 3000 मिळाले. दहा पिकोसेकंद उशिरा सुटला त्याला 2950. आता अर्धा मीटर पळायला पहिल्याला किती लागेल?

भाचा: साडेपंधरा नॅनोसेकंदांच्या थोडं आत.

आत्या: आणि दुसऱ्याला?

भाचा: 50 व्होल्ट कमी, वेग एक टक्क्याहून कमी घटला… तो 130 पिकोसेकंद मागे पडेल.

आत्या: निघताना अंतर दहाचं होतं. पोचताना एकशे चाळीसचं झालं. आता शंभर पिकोसेकंदांचं दार पुरतं. वाटेत पांगू नयेत म्हणून भोवती चुंबकाची वेटोळी.

या युक्तीवर 2010 मध्ये हिल्सबेक आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, आणि तिच्यावर बांधलेला डिक्सी नावाचा कॅमेरा इग्निशन फॅसिलिटीत दहा पिकोसेकंदांच्या घरातलं दार उघडतो. मला ही युक्ती अतिशय सुंदर वाटते. दार जास्त चपळ करायला जमेना, तर येणाऱ्यांच्या रांगेतलं अंतर वाढवलं. मोकळी जागा, घसरता व्होल्टेज आणि नीट आखलेलं चुंबकक्षेत्र एवढ्यावर ती उभी आहे.

भाचा: हे भारी आहे. पण आत्या, तिथेच पुढची गोष्ट काय घडली ते मी सांगतो. नळी ठेवली आणि मागची प्लेट-फॉस्फर काढून टाकली. तिच्या जागी सँडिया प्रयोगशाळेची चिप बसवली. इकारस तिचं नाव. 1024 बाय 512 ठिपके, दोन नॅनोसेकंदांच्या आसपासचं दार, आणि प्रत्येक ठिपक्याच्या खाली साठवायची जागा. लागोपाठ चार चौकटी, फॉस्फर विझायची वाट न बघता. नळीनं वेळ ताणायचा, सिलिकॉननं टिपायचा. चिप बनली ती 350 नॅनोमीटरच्या जुन्यापान्या पद्धतीनं. आपल्या मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत 180 ची पद्धत आहे, म्हणजे यापेक्षा बारीक.

आत्या: मग तू मोहालीला चिप कर, नळी मी करते.

भाचा: तू पुन्हा तिथेच आलीस. करायचं कशाला? हामामात्सू विकतं, फोटोनिस विकतं, इंग्लंडात फोटेक विकतं. एक ट्यूब करायला भट्टी, पंप, शुद्ध खोली, माणसं. दहातल्या किती पास होतात?

आत्या: सुरुवातीला फार थोड्या. माझ्या हाताखालून गेलेली एक ट्यूब आठवते. सगळं उत्तम, करंट छान, इंडियमचं सील पक्कं. पडद्यावर बघितलं तर बरोबर मध्यावर काळा ठिपका. कॅथोड आणि प्लेटच्या फटीत एक कण. टोपी नीट घातली, हातमोजे घातले, हवा गाळलेली, तरी एक कण. ट्यूब बाद. त्यानंतर काच लावायच्या आधी तिरक्या दिव्याखाली प्लेट फिरवून बघायची सवय मी स्वतःला लावली. सरळ दिव्यात कण दिसत नाही, तिरक्यात चमकतो. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

भाचा: तेच म्हणतोय मी. इतकं नाजूक काम लहान शेडमध्ये कसं होईल?

आत्या: इंडियम 156 अंशांना वितळतं, एवढं पुस्तकात मिळेल. ते वितळताना चकाकी कशी बदलते आणि काच कधी टेकवायची, हे ज्यांनी केलंय त्यांच्या हातात आहे. ही माणसं पुण्यातच आहेत आणि निवृत्त होत चाललीत. विकत घेतलेल्या ट्यूबबरोबर हे येत नाही.

मी दोघांचं ऐकून घेतलं, तरी माझा कल लपवत नाही. भाच्याचा हिशोब दुकानदारीचा म्हणून हलका नाही. ज्याला उद्या ग्राहकाला चित्र द्यायचं आहे त्यानं ट्यूब विकतच घ्यावी. पण देश म्हणून हिशोब वेगळा लागतो. मे 1998 च्या अणुचाचण्यांनंतर आपल्या संस्थांना साध्या साध्या उपकरणांसाठी दारं बंद झालेली अनेक शास्त्रज्ञांनी अनुभवली आहेत. डिसेंबर 2017 मध्ये भारत वासेनार गटात गेला, तेव्हापासून आपणही अशा वस्तूंवर पहारा ठेवणाऱ्यांत आहोत. तरी कॅमेऱ्याचा परवाना कुणाला, कधी आणि किती नॅनोसेकंदांपर्यंत द्यायचा, हे बनवणारा देश ठरवतो.

अवकाशातलं उदाहरण घ्या. 28 सप्टेंबर 2015 ला इस्रोनं अॅस्ट्रोसॅट सोडला. त्यावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीत बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था आणि पुण्याचं आयुका यांचा मोठा वाटा. तिच्या शोधकात नळी आणि सिलिकॉन एकत्र आहेत: पुढे कॅथोड, मधे दोन मायक्रोचॅनेल प्लेट, मागे फॉस्फर, आणि त्याला काचतंतूंनी जोडलेली 512 बाय 512 ठिपक्यांची सीमॉस चिप. एक फोटॉन आला की चिपवर काही ठिपक्यांचा शिंतोडा उडतो आणि त्याचा मध्य काढून फोटॉन नेमका कुठे पडला ते ठरवतात, ठिपक्याच्याही अंशापर्यंत. 2020 मध्ये आयुकाच्या कनक साहा यांच्या गटानं याच दुर्बिणीनं 9.3 अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एयूडीएफएस-01 या दीर्घिकेतून येणारा तीव्र अतिनील प्रकाश पकडला. ते शोधक कॅनडाच्या अवकाश संस्थेकडून आले होते.

भाचा: त्यात वाईट काय? भागीदारी आहे ती. त्यांनी शोधक दिला, आपण आकाश वाचलं.

आत्या: वाईट काहीच नाही. मला अभिमानच वाटतो. पण 1979 पासून ट्यूब होत असलेल्या शहरात तसा शोधक व्हावा असंही वाटतं. रात्रीच्या दुर्बिणीची ट्यूब आणि फोटॉन मोजणारी ट्यूब यांच्यात फरक आहे, ठाऊक आहे मला. कॅथोड वेगळा, सीझियम आयोडाइडचा. प्लेट एकाऐवजी दोन. पण भट्टी तीच, पंप तोच, तिरका दिवाही तोच.

भाचा: ठीक. मी शेडवाला माणूस म्हणून विचारतो. ट्यूब आपण इथे करणार नाही, ते मोठ्या कारखान्याचंच काम. कासार आंबोलीत काय करता येईल?

आत्या: पल्सर. ट्यूब कुणाचीही घे, तिला हिसका देणारं सर्किट आपलं. अॅव्हलाँच ट्रान्झिस्टर येतात, झेडटीएक्स-415 सारखे. मर्यादेपर्यंत व्होल्ट चढवून ठेवायचे आणि ट्रिगर दिला की कोसळू द्यायचे. एकावर एक रचले की हजार-दोन हजार व्होल्ट नॅनोसेकंदाच्या आत उभे राहतात. एका ट्रान्झिस्टरची किंमत किरकोळ. सगळी करामत तारांच्या लांबीत आणि जमिनीच्या जोडणीत.

भाचा: ते माझं काम आहे, जमेल. सर्किट मी लिहितो. पण दार खरंच किती वेळ उघडलं हे मोजणार कसं? माझ्याकडे तेवढा वेगवान ऑसिलोस्कोप नाही.

आत्या: ऑसिलोस्कोप कॅथोडच्या बाहेरचा पल्स दाखवेल. आत मध्यावर काय झालं ते नाही दाखवणार. ट्यूबलाच विचारायचं. शंभर पिकोसेकंदांचा लेसर डायोड घे, त्याचा उजेड अख्ख्या कॅथोडवर सारखा पसरव, आणि दार उघडायच्या वेळेपेक्षा तो थोडा थोडा उशिरा येऊ दे. प्रत्येक वेळी चित्र घे. आधी कड उजळेल, मग मध्य उजळेल, मग सगळं मिटेल. कड आणि मध्य यांत किती नॅनोसेकंद गेले, तो ट्यूबचा खरा स्वभाव.

भाचा: थोडा थोडा उशीर करायला डिले जनरेटर लागेल. महाग असतो.

आत्या: कोअॅक्स केबल लागेल. एक मीटरला पाच नॅनोसेकंद. लेसरच्या ट्रिगरमधे वीस सेंटिमीटरचा तुकडा वाढवला की एक नॅनोसेकंद उशीर.

भाचा: कनेक्टरचा उशीर धरायचा का?

आत्या: धरायचा. सगळ्या तुकड्यांना एकाच जातीचे कनेक्टर लाव, म्हणजे तो सगळीकडे सारखाच येईल. आणि तुकडे दहा कर, वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत.

भाचा: आरजी-58 चालेल?

आत्या: चालेल. पण सगळे एकाच रिळातले काप.